हणमाला बाहेर काढताना

इंजिन बाहेर काढल्यावर माझा धाकटा भाऊ हणमा त्याच्या जागी बसला आणि गाडी चालू झाली.

तो काही गाडी चालू करायला बसला नव्हता. इंजिन निघालं की मागे जो खड्डा उरतो, त्यात वर्षानुवर्षांचं तेल आणि माती साचलेली असते. ती खरवडायला कुणीतरी आत उतरावं लागतं. मी अंगानं आडवी, हणमा वाळल्या शेंगेसारखा, म्हणून हणमा उतरला. गुडघे पोटाशी घेऊन त्यानं पाठ टेकवली. "आक्का, बसतंय बग बरोबर," म्हणाला, आणि त्याच्यातून मंद गतीवर ठेवलेल्या डिझेल इंजिनाचा आवाज यायला लागला.

"बाहेर ये," मी म्हटलं.

"जरा थांब की. कधी नव्हं ते जमायलंय."

संकेश्वर रस्त्याला गडहिंग्लजच्या अलीकडे आमचं गॅरेज आहे. आप्पांनी ते उभं केलं, त्यांच्यानंतर मी चालवते. हणमा पस्तिशीला आला तरी कशात टिकला नव्हता. दुधाची गाडी चालवून झाली, पानपट्टी झाली, मंडप बांधणं झालं. गॅरेजात हातात पाना दिला की पाना ठेवून चहाला जायचा. आई म्हणायची, याच्या पायाला भिंगरी बांधूनच देवानं पाठवलाय. आता तो एका जागी बसला होता आणि आई चुलीवरचं सोडून बघायला आली. तिच्या चेहऱ्यावर मला समाधान दिसलं, ते मला आवडलं नाही.

त्या दिवशी खंडेनवमी होती, आणि सगळा घोळ त्यातच होता.

खंडेनवमीला आम्ही हत्यारं पुजतो. पाने, पक्कड, जॅक, हातोडे धुऊन-पुसून पाटावर मांडायचे, हळदकुंकू लावायचं, झेंडूची फुलं घालायची. एकदा कुंकू लागलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्या हत्याराला कुणी हात लावायचा नाही. लोक हसतात, हसू देत. आमच्या घरात हे कुणी मोडलेलं नाही. पण त्या दिवशी काम लांबलं होतं. पट्टणशेट्टींची पांढरी मोटार दसऱ्याला द्यायची होती, लेकीला सासरहून आणायला. इंजिन मी नुकतंच वर घेतलं होतं. लोखंडी गर्डरला चेनपुली, चेनपुलीच्या हुकाला इंजिन, अशा अवस्थेत ते लटकत होतं. उचललेलं इंजिन लगेच स्टँडवर टेकवायचं, लटकत ठेवून पाणी प्यायलासुद्धा जायचं नाही, हे आप्पांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. मी हात धुवायला गेले तेवढ्यात आई ताट घेऊन आली आणि मुहूर्त टळतोय म्हणून सगळ्याला कुंकू लावून गेली. पाने, जॅक आणि त्यांच्याबरोबर चेनलासुद्धा. हुकात तिनं झेंडूचं फूल खोवलं होतं.

म्हणून इंजिन लटकतच राहिलं. गाडी तेवढी आम्ही त्याच्याखालून मागे ढकलून घेतली. खरवडायला हणमाजवळ हत्यार नव्हतं, तेव्हा तो आईचं उलथनं घेऊन आत उतरला होता.

दुपारी पट्टणशेट्टी आले. किराणा दुकानाचे मालक, स्वच्छ धोतर, बोलणं सावकाश. त्यांनी बोनेट नसलेल्या खड्ड्यात वाकून पाहिलं. हणमानं मान डोलावून नमस्कार केला. हात मोकळे नव्हते.

"आवाज बरा आहे हो," पट्टणशेट्टी म्हणाले. "पहिल्यापेक्षा गोड आहे."

"ते माझे भाऊ आहेत," मी म्हटलं.

"असू दे की. धूर करत नाहीत."

ते स्टिअरिंगवर बसले आणि रस्त्याला एक फेरी मारून आले. गाडी चढाला दमली नाही. उतरताना त्यांनी पुढच्या मडगार्डवर हात फिरवला. "आहे असंच असू दे," म्हणाले. "उद्या पूजा करून नेतो. त्या जुन्या इंजिनाचं तुम्हीच काय ते बघा."

"भाऊ कसा नेणार तुम्ही?"

"गाडी नेणार," ते म्हणाले. त्यांना यात काही वेगळं वाटत नव्हतं.

ते गेल्यावर मी हणमाचा दंड धरून ओढलं. तो जागचा हलला नाही. सकाळी त्याच्या दोन्ही बाजूंनी माझा हात कोपरापर्यंत आत जात होता. आता फक्त बोटं जात होती. त्याच्या कमरेजवळचे दोन्ही माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्या रबरी बैठकींवर बसतं ते, त्याला बरोबर लागले होते आणि त्यांचे बोल्ट आवळलेले होते. मी आवळले नव्हते. पाने पाटावर होते.

"दुखतंय का?"

"न्हाई. आक्का, मला आजवर कुणी बरा आवाज हाय असं म्हटलं नव्हतं."

"पट्टणशेट्टी गाडीबद्दल बोलत होते."

"तेच की."

आईनं त्याला बशीतून चहा पाजला. चहा पोटात गेला की आवाज थोडा चढायचा. मी म्हटलं, पाजू नकोस, डिझेल इंजिन बॅटरी काढली तरी बंद पडत नाही, त्याचं तेल तोडावं लागतं. आई म्हणाली, पोराचं खाणं तोडू का? "ऱ्हाऊ दे त्याला. बसलाय न्हवं एका जाग्याला. दारू न्हाई, उधारी न्हाई." मला आईचा राग आला. तिचं चुकत होतं असं नाही, पण मला हणमा परत हवा होता. पाना टाकून चहाला पळणारा, खोटं बोलून सापडणारा, तोच. दुसऱ्या कुणाच्या लेकीला आणायला त्याला पाठवायची माझी तयारी नव्हती.

दसऱ्याच्या सकाळी आईनं हत्यारांवर पाणी शिंपडलं, आरती ओवाळली आणि मी फुलं बाजूला केली, हुकातलं तेवढं राहून गेलं. पट्टणशेट्टी यायच्या आत काम उरकायचं होतं.

आधी चेन मोकळी करायला हवी होती. मी लटकतं इंजिन खाली सोडलं. रात्रभरात ते हलकं झालं होतं, पंख्याच्या वाऱ्यानं गोल फिरत होतं. स्टँडवर टेकवलं तेव्हा रिकाम्या पत्र्याच्या डब्यासारखा आवाज झाला. आईला खालचं झाडायचं होतं, तिनं ते पायानं सरकवलं. गाडीचं नाक मात्र खाली बसलं होतं. पुढचे टायर चपटे दिसत होते. इंजिनाचं सगळं वजन हणमात उतरलं होतं.

जड इंजिन काढायची रीत एकच आहे आणि ती भावासाठी बदलत नाही. गाडी चेनीखाली घेऊन मी बॅटरीची निगेटिव्ह तार पहिल्यांदा सोडली. रेडिएटरचं पाणी काढलं, कोमट होतं, त्याला चहाचा वास होता. रेडिएटर उचलून बाजूला ठेवला. हणमाला लागलेल्या प्रत्येक वायरला चिकटपट्टी लावून कुठली ती खूण केली. गिअरबॉक्सखाली जॅक लावला, जॅक आणि गिअरबॉक्सच्या मध्ये लाकडी ठोकळा, कारण मागचा भाग आधाराशिवाय सोडला की तो तिरका होतो आणि सगळंच अडकतं. मग माउंटिंगचे बोल्ट ढिले केले, काढले नाहीत. वजन चेनवर आल्याशिवाय ते काढायचे नसतात. चेन कशाला बांधावी याचा विचार पडला. इंजिनाला उचलायचे दोन कान असतात, एक पुढे, एक मागे. हणमाला मी एक फास काखेतून घातला आणि एक गुडघ्यांखालून.

"पुढची बाजू वर ठेव," हणमा म्हणाला. त्याचं बोलणं आवाजात मिसळून येत होतं. "न्हाईतर मागं घासतंय."

"मला शिकवू नकोस."

"शिकवत न्हाई. आतनं कळतंय."

आई चेनपुलीच्या हातचेनीपाशी उभी राहिली. तिचे सांधे धरलेले आहेत, पण चेनपुलीला ताकद लागत नाही, धीर लागतो. ती एकेक हात ओढत राहिली. चेन ताणली, गर्डर कुरकुरला, हणमा माउंटिंगवरून बोटभर वर आला. मी बोल्ट काढून वाटीत ठेवले. थांबून सगळं बघितलं. मग आईला म्हटलं, आता ओढ. हणमा वितभर वर आला आणि त्याच्याबरोबर गाडीही वर आली. पुढची चाकं जमिनीवरून सुटली.

याचा अर्थ काहीतरी सोडायचं राहिलं होतं. आप्पा म्हणायचे, दहा वेळा तपासलंस तरी एक जोडणी राहतेच, ती शोध, ओढू नकोस. बहुतेक वेळा ती अर्थिंगची पट्टी असते. इंजिनातून चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, जाणारी विणलेल्या तांब्याची पट्टी, खालच्या अंगाला, वरून न दिसणारी. मी टॉर्च मारला. वरून काही दिसलं नाही. मागे हणमा आणि पत्रा यांच्यामध्ये आता कागदसुद्धा गेला नसता.

आप्पांचा आणखी एक नियम होता, तो मी कधीच मोडला नव्हता. लटकत्या वजनाखाली जायचं नाही. हातही घालायचा नाही. मी गिअरबॉक्सखालचा ठोकळा हलवून बघितला, चाकांच्या खाली दोन जुने रिम सरकवले, आईला म्हटलं, चेनीला हात लावू नकोस, आणि पाठीवर झोपून आत सरकले.

खालून हणमा ओळखू येत नव्हता. तेलानं काळा झाला होता. पण अर्थिंगच्या पट्टीच्या जागी त्याचा उजवा हात होता. चार बोटं आणि अंगठा चासीच्या कडेवर घट्ट वळलेले. सगळी गाडी त्या हातावर लटकत होती.

"हणमा, हात सोड."

"हात न्हाई त्यो, आक्का. अर्थिंग हाय."

"तुझी अंगठी आहे त्यात."

त्यानं पकड आणखी आवळली. "सोडला की बंद पडतोय मी," म्हणाला.

"बंद पड. मग घरी जाऊ. मी काही बोलणार नाही, चहाला जा, कुठं पण जा."

"बंद पडल्यावर कुणी विचारतंय व्हय?"

"मी विचारते," मी म्हटलं. "मी रोज विचारते. तुला ऐकू येत नाही."

मी त्याची करंगळी सोडवली. गंजलेल्या नटासारखी होती, आधी हलली नाही, मग एकदम आली. आवाज जरा अडखळला. बाहेर पट्टणशेट्टींची चप्पल दिसली. त्यांच्याजवळ झेंडूचा हार असावा, दोन-तीन पाकळ्या जमिनीवर पडल्या.

"झालं का हो?" त्यांनी विचारलं.

"एवढं एकच राहिलंय," आई म्हणाली.

मी दुसरं बोट सोडवलं, मग तिसरं. हणमा रडत होता की तेल गळत होतं ते मला कळलं नाही, माझ्या गालावर गरम पडत होतं. मलाही रडू येत होतं. जोर करायला मी डाव्या हातानं चासी धरली आणि उजव्या हातानं त्याचं शेवटचं बोट आणि अंगठा एकदम उचकटला.

आवाज बंद पडला. गाडी सुटून रिमांवर टेकली. हणमा वर चेनीला मोकळा लटकत होता आणि गॅरेजात इतकं शांत झालं की हुकातलं फूल खाली पडलेलं ऐकू आलं. पट्टणशेट्टींच्या चपला मागे वळल्या.

मग त्याच्या मोकळ्या झालेल्या हातानं माझं उजवं मनगट धरलं. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचा तसं. त्याच्या छातीत काहीतरी एकदा फिरलं, दोनदा फिरलं, आणि तो पुन्हा चालू झाला, पहिल्यापेक्षा गोड. माझा डावा हात अजून चासीवरच होता. मी तो काढायला गेले, तो हणमाचा होता तसाच कडेवर वळलेला राहिला.

"सगळं सुटलं न्हवं?" आईनं विचारलं आणि हातचेन ओढली.