अर्धी बर्फी

वाटी उचलल्यावर खालून बर्फी निघाली आणि बायकांनी एकच गलका केला.

"मुलगी! बघा, मी म्हणतच होते!"

ऋतिका हसली. हिरवी साडी, डोक्यावर फुलांचा मुकुट, मनगटांत गजरे, सातव्या महिन्याचं पोट. चेहरा मात्र वाळलेला. डोहाळजेवणातली बर्फी माहेरच्या बाईनं भरवायची, असं तिच्या सासूनं, प्रेमाताईंनी, जाहीर केलं, तशी शुभा पदर सावरत लेकीपाशी गेली. तिने बर्फी उचलली, मधोमध मोडली, एक तुकडा ताटलीत परत ठेवला आणि दुसरा ऋतिकाच्या तोंडाशी नेला.

हे सगळं तिच्या हातानं परस्परच उरकलं. शुभाच्या ध्यानातही आलं नाही.

"विहीणबाई, अर्धी कित्याक?" प्रेमाताई मोठ्यांदा म्हणाल्या. "आख्खी भरवा तिका! आज नाय तर कधी?"

बायका हसल्या. शुभाही कसनुशी हसली. तिने घाईघाईने उरलेला तुकडा उचलला, पण तोवर ऋतिकाने तोंड मिटून घेतलं होतं.

"पुरे आई," ती म्हणाली. "माझं झालं."

शुभा काही दुष्ट बाई नव्हती. लेकीवर तिचा जीव होता, आणि जीव असलेली माणसंच एकमेकांची अशी वाट लावतात. लग्न होऊन शुभा मुलुंडला आली तेव्हा अंगाने चांगली भरलेली होती. सत्यनारायणाला जमलेल्या पाहुण्यांसमोर सासू म्हणाली, "सूनबाईंना बसायला दोन पाट लागतील." पाहुणे पोट धरधरून हसले, आणि त्यांत तिचा नवरा, नंदकिशोरही होता. माझ्या मुलीला असं कोणी बोलणार नाही, हे शुभाने तेव्हाच मनाशी पक्कं केलं, आणि मुलगी झाल्यावर ते अशा नेटाने पार पाडलं की काही विचारू नका. कुणाच्या वाढदिवसाला जायचं तर ऋतिका घरून मुरमुरे खाऊन निघायची. आमरस घेतला की पोळी बंद. भूक लागली म्हटलं की आधी पाणी पी. सोसायटीतल्या बायका म्हणायच्या, "मुलीला काय मेन्टेन केलंय हो तुम्ही!" त्यावर शुभा मान वेळावून सांगायची, "तिला मुळी खाण्याची आवडच नाही." हे इतक्यांदा सांगून झालं की तिला स्वतःलाच ते खरं वाटू लागलं.

गेल्या महिन्यात मात्र बाळाची वाढ कमी असल्याचं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. "डाएटबिएट डोक्यातून काढून टाका," त्या ऋतिकाला म्हणाल्या. "भूक लागली की खा, पोट भरलं की थांबा. एवढं साधं आहे."

शुभा शेजारीच बसली होती. हे एवढं साधं कसं करायचं ते तिलाही माहीत नव्हतं, पण ती मनापासून घाबरली. दुसऱ्याच दिवशी बाजारात जाऊन डिंक, खारीक, अळीव घेऊन आली. घरातल्या मागच्या खोलीला रंग दिला. पहिलं बाळंतपण माहेरी हे तर ठरलेलंच होतं. आज बोरिवलीला जावयाच्या, सर्वेशच्या घरचा हा कार्यक्रम आटोपला की ऋतिकाला बरोबर घेऊन जायचं होतं. राहिलेलं सगळं आता भरून काढायचं, असं ती रोज स्वतःला बजावत होती. आणि आज पहिल्याच घासाला हातानं घात केला.

पंगत बसली. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, खीर. "खा गो बाय," म्हणत प्रेमाताई सुनेच्या पानात वडा टाकायच्या आणि तशाच पुढे जायच्या. तिने तो खाल्ला की ठेवला, हे बघायला त्या थांबत नव्हत्या. ऋतिकाने वडा मोडून सांबारात बुडवला. दुसरा मागून घेतला. बोटं चाटली.

शुभा दाराशी उभी राहून बघत होती. तिला आनंद व्हायला हवा होता, आणि थोडा झालाही. पण मत्सर त्याच्या वरचढ निघाला. परक्या बाईच्या हातचं एवढं खाते! तेवढ्यात ऋतिकाने वर पाहिलं. आईशी नजरानजर होताच तिने हातातला घास पानात ठेवला आणि पाण्याचा पेला उचलला.

पाहुण्या पांगल्यावर शुभा आतल्या खोलीत गेली. ऋतिका पलंगावर बसून केसांतली फुलं सोडवत होती.

"बॅग कुठेय गं? बाबा खाली गाडीशी थांबलेत."

"बॅग नाही भरली."

"मग चल, मी भरते पटापट."

"आई, मी नाही येत. बाळंतपण इथेच करायचं ठरवलंय. सर्वेशलाही सांगितलंय."

शुभा तिच्याशेजारी पलंगावर टेकली. "अगं, पहिलं बाळंतपण. लोक काय म्हणतील? खोली तयार आहे, लाडू करून ठेवलेत..."

"माहितीये."

"त्या बर्फीमुळे? चुकून झालं गं ते. सवय असते हाताला."

"तेच ना," ऋतिका म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि शुभाला त्याचीच जास्त भीती वाटली. "इथे आल्यापासून सासूबाई विचारतात, काय करू, काय खाशील. मला उत्तरच द्यायला यायचं नाही. मला काय आवडतं तेच माहीत नव्हतं, आई. परवा पहिल्यांदा मागितलं मी काहीतरी."

"काय?"

"भात. नुसता तूप-मीठ घालून. आणि संपल्यावर आणखी मागितला."

"मग मी नाही का देणार भात? बाळा, आता एक अक्षर नाही बोलणार मी. तू म्हणशील तेवढं वाढेन."

"वाढशील. आणि माझ्याकडे बघत बसशील."

सगळं हिच्या भल्यासाठीच केलं, असं शुभाला ओरडून सांगावंसं वाटत होतं. ते ऋतिकालाही माहीत आहे, हे तिच्या तोंडाकडे बघून कळत होतं, आणि त्याचा काही उपयोग नाही हेही.

खालून नंदकिशोरने हॉर्न वाजवला. शुभा उठली. लेकीच्या पाठीवरून हात फिरवताना तिच्या बोटांना मणका न् मणका लागला.

"बरं," ती कशीबशी म्हणाली. "मग मीच येत जाईन अधूनमधून. येऊ ना?"

ऋतिकाने आईचा हात हातात घेतला, प्रेमाने दाबला.

"ये की गं, कधीही ये," ती म्हणाली. "फक्त जेवायच्या वेळेला नको येऊस."