सात रोपांचं एक खोड

दवाखान्यातून बाहेर पडल्यावर बायको पहिलं बोलली ते हे : “घरी जाताना इलास्टिक घ्यायचंय.”

डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं की आता ऑपरेशनचा उपयोग नाही, गोळ्यांनी जेवढं होईल तेवढं. सांगताना ते माझ्याकडेच बघत होते, जशी काही ती खोलीत नव्हतीच. मी जिन्याचा कठडा धरून उभा होतो आणि हिला इलास्टिक सुचत होतं.

“कसलं इलास्टिक?”

“अर्ध्या इंचाचं. रोपं बांधायला. त्यांना डोळे फुटायला लागलेत. ह्या आठवड्यात बांधली नाहीत तर वर्ष फुकट.”

“अगं, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना?”

“ऐकलं. रोपांचं ते काही बोलले नाहीत.”

रोपं मेपलची. हिच्या मोठ्या बहिणीच्या, म्हणजे अक्कांच्या अंगणात मेपलचं झाड आहे. त्याच्या बिया हिने पदराला पुसून आणल्या आणि ओल्या फडक्यात गुंडाळून हिवाळाभर फ्रीजमध्ये ठेवल्या. थंडी खाल्ल्याशिवाय त्या उगवत नाहीत म्हणे. एकदा ते फडकं मी ओटा पुसायला घेतलं, तर आठवडाभर अबोला. उगवली त्यातली सात तिने निवडली. एका रोपाचं खोड कुंडीत जाड व्हायला माणसाचा अर्धा जन्म जातो. म्हणून सात रोपं एकमेकांना चिकटवून बांधायची. वाढता वाढता ती एकमेकांत मुरतात आणि एकच जाड खोड होतं. मग त्याला आकार द्यायचा, वीतभर उंचीचं डेरेदार झाड करायचं. हे तिने कुठेतरी पाहिलं होतं आणि तेव्हापासून डोक्यात घेतलं होतं.

मी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. सैल राहिलेल्या बोल्टचं काय होतं ते मला ठाऊक आहे. मी म्हणालो, “इलास्टिक नको. प्लास्टिकची पट्टी घे, करकचून आवळू.”

“तुमच्या हाताला आवळण्याशिवाय काही येतं का? उद्या ती वाढणार. वाढत्या अंगाला जागा ठेवावी लागते.”

ती कपडे शिवायची. पोरांच्या गणवेशाची बाही ती नेहमी दुमडून शिवायची, म्हणजे पुढच्या वर्षी सोडता येते. झाडांनाही तिने तोच न्याय लावला. मी सातही रोपं दोन्ही मुठींत दाबून धरली आणि तिने खालपासून वरपर्यंत इलास्टिक गुंडाळलं. त्या दिवशी वाद घालायची माझ्यात ताकद नव्हती.

पानं गळायला लागली तेव्हा ती गेली.

हिवाळा सरत आला तसं मी ते इलास्टिक सोडलं. सोडलं काय, ते आपणहून उतरलं. पार ढिलं झालं होतं. आणि सातही रोपं सात बाजूंना झाली. सालीवर नुसत्या दबल्याच्या खुणा. मुरणं वगैरे काही नाही.

“सांगितलं होतं मी!” मी मोठ्याने म्हणालो. “पट्टी घे म्हणून सांगितलं होतं!”

स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. इतक्या वर्षांत तिच्याशी घातलेल्या वादांपैकी हा एकच मी धडधडीत जिंकलो होतो, आणि ती ‘बरं बाई, तुमचंच खरं’ म्हणायला जागेवर नव्हती. मला इतका राग आला की कुंडी उचलून मागच्या दारी नेऊन ठेवली. तासाभराने पुन्हा आत आणली. थंडी होती.

दुसऱ्या दिवशी कुंडी घेऊन रोपवाटिकेत गेलो. तिथल्या माणसाने बोटांनी रोपं फाकवून बघितली.

“काका, ही शेजारी शेजारी उभी आहेत. एकत्र नाहीत.”

“ते मलाही दिसतंय. आता काय करू?”

“जिथे टेकतात तिथली साल खरवडायची. आतला हिरवा भाग दिसला पाहिजे. मग घट्ट बांधायचं. नुसतं गोंजारून नाही व्हायचं. आणि डोळे फुटायच्या आत करा. चार दिवस आहेत तुमच्याकडे, फार तर.”

घरी येऊन मी एकट्याने करून पाहिलं. खरवडायला जमतं, पण धरायचं कोणी आणि गुंडाळायचं कोणी? कुंडी गुडघ्यांत धरली, पट्टीचं टोक दातात धरलं. पाच रोपं मुठीत आली की सहावं निसटायचं. कपड्यांचे चिमटे लावून पाहिले, ते उडून कपाटाखाली गेले. शेवटी लिफ्टच्या कामाचा क्लॅम्प काढला, तर एका रोपाच्या सालीला खोक पडली. मी क्लॅम्प भिरकावला. स्वतःलाच चार शिव्या घातल्या आणि तसाच बसून राहिलो.

दुपारी अक्का आल्या. ही गेल्यापासून पहिल्यांदाच. चपला काढता काढता म्हणाल्या, “भाऊजी, मी काही जेवायला आलेली नाही. त्यातलं एक रोप मला हवंय.”

“नाही.”

“अहो, पाणी तरी विचारा आधी, मग नाही म्हणा.”

मी पाणी दिलं. “ती सात मिळून एक आहेत, अक्का. तुम्हाला एक दिलं तर काय उरलं?”

“सहा उरली. हिशेब येतो मला.” त्यांनी कुंडीकडे पाहिलं. “आणि कुठे एक झालीत? नुसती खराट्यासारखी दिसतायत. बी माझ्या अंगणातलं. बहीण माझी. तुम्हाला ती लग्नानंतर भेटली, मी तिला कडेवर घेऊन फिरलेय. एक रोप मागितलं तर एवढं तोंड वाकडं?”

खोटं काहीच नव्हतं त्यात. मी एवढंच म्हणालो, “तिला एक जाड खोड हवं होतं. एक काढलं तर मधे खिंडार पडतं. चार दिवसांत बांधलं नाही तर तेही गेलं. आणि मला एकट्याला ते बांधता येत नाही.”

ते शेवटचं वाक्य बोलताना माझा आवाज चढला. का ते मला कळलं नाही.

अक्कांनी पदर खोचला. “धरायचं कसं ते दाखवा.”

मी ब्लेडने साल खरवडायला लागलो. आतून ओलसर हिरवं दिसलं तसं त्यांनी तोंड फिरवलं.

“तिला हे चाललं असतं?”

“नसतं.”

“मग?”

“मग काय? तिच्या पद्धतीने करून झालं की वर्षभर.”

त्यांनी सातही रोपं दोन्ही हातांत धरली. बोटं संधिवाताने वाकडी झालेली, पण पकड चांगली. मी पट्टी आवळायला लागलो.

“हळू! माझं बोट बांधताय त्यात.”

“बोट काढा ना मग.”

“काढलं की सुटतं! बहीण माझी कशी राहिली हो तुमच्याजवळ इतकी वर्षं?”

“ओरडतच राहिली.”

त्या हसल्या, आणि हसताना हात हलला. मी पुन्हा उकलून पहिल्यापासून सुरू केलं. खालून चार बोटं पट्टी नीट बसली. दाबून पाहिलं, हललं नाही. पण वरच्या भागात एक रोप बाहेरच्या बाजूला वाकडं वाढलं होतं. ते आत ओढायला लागलो तर बुंध्यापासून करकरलं.

“सोडा,” अक्का म्हणाल्या. “तुटेल ते.”

“ओढलं नाही तर बाहेरच राहील.”

“राहू दे. रोज थोडं थोडं ओढा. आज माझ्याने नाही धरवत आता.”

मी पट्टी तिथेच गाठ मारून थांबवली. त्यांनी हात धुतले, चपला घातल्या. रोपाचा विषय पुन्हा काढला नाही.

“एक खोड व्हायला किती दिवस लागतील?”

“चार-पाच वर्षं. नीट झालं तर.”

“बरं. येईन बघायला.” फाटकापाशी थांबून म्हणाल्या, “तसं हिच्या आधी जायचा नंबर माझा होता.”

मी रोज सकाळी ते वाकडं रोप थोडं आत ओढतो. पुरेसं आत आलेलं नाही. काल त्याला डोळे फुटले. वरचा अर्धा भाग अजून बांधायचा राहिला आहे.