खेमसिंगची लाल बाटली

खेमसिंगने ती बाटली सात वर्षं सरकीच्या कोठीत पुरून ठेवली होती. केळापूरच्या बाजूला बंजाऱ्यांची गाणी लिहून घेत फिरणारा एक स्पॅनिश पाद्री महिनाभर खेमसिंगच्या बैलबंडीतून हिंडला होता, त्याने ती जाताना दिली. तीन जातींच्या द्राक्षांची दारू आहे, मटणासोबत घ्यायची, रिकाम्या पोटी कधीच नाही, एवढं पाद्री मोडक्या हिंदीत सांगून गेला. तीन जाती एका बाटलीत भांडण न करता राहतात याचं खेमसिंगला फार अप्रूप. तांड्याच्या पंचायतीत तो हे उदाहरण द्यायचा आणि शिव्या खायचा.

योग्य जेवण मात्र कधी जमलं नाही. कधी बोकड म्हातारा निघे, कधी पाहुणा नालायक. एकदाच, एकुलत्या एका लेकीला, जमनीला, राळेगावच्या शाळेत मास्तरणीची नोकरी लागली तेव्हा, तो धोतराने बाटली पुसत बाहेर आला. जेवायला हेडमास्तर आले होते. जमनीने त्याला दारातच अडवलं आणि आज तरी माझी लाज राख म्हणाली. खेमसिंगने बाटली परत पुरली, हेडमास्तरांना ताक दिलं, आणि त्या गोष्टीवर पुन्हा कधी बोलला नाही. एरवी तो कशावरही बोलायचा.

श्रावणात तो गेला. दिवाळीला जमनी एसटीने घरी आली ती, बाटली त्याला द्यायचीच असं ठरवून.

त्यांच्या घरात दिवाळीच्या सकाळी पितरांचा वाटा गोवऱ्यांच्या विस्तवावर देत. भडका उडाला म्हणजे गेलेल्या माणसाने घेतलं. त्याने घेतल्याशिवाय जिवंतांनी तोंड लावायचं नाही. वाटा मोहाच्या दारूचा असे, त्यामुळे आजवर एकाही पितराने नकार दिला नव्हता. तांड्याने दारूबंदी केली होती, म्हणून तिथे दारू नव्हती. म्हणजे दिसेल अशी नव्हती.

बाटलीचं बूच निघेना. शेवटी काकाने, हिरासिंगने, पोती शिवायच्या दाभणाने ते आत ढकललं. मग बाटली नाकापाशी धरून त्याने निकाल दिला: पिकलेलं जांभूळ, तंबाखूची जुनी पिशवी आणि पावसात भिजलेलं बैलाच्या मानेचं चामडी जोतं. फुफी सोनीबाईने, म्हणजे खेमसिंगच्या बहिणीने, वास घेतला आणि आपल्या दिवंगत नवऱ्याचं नाव घेतलं.

जमनीने वाटीभर दारू विस्तवावर ओतली. फुस्स झालं. गोवऱ्या काळ्या पडल्या, धूर सगळ्यांच्या डोळ्यांत गेला.

"नाई म्हन्ते तो," फुफी म्हणाली. "कोनावर तरी रागावला हाये."

कोणावर, ते जमनीला कोणी सांगायची गरज नव्हती.

काकाने सुचवलं की वरून थोडी मोहाची टाकू, भडका उडंल, भाऊ खूश आणि आपणही मोकळे. जमनीने मान हलवली. बापाला मोहाचा वास दोन शेतांवरून येत असे. त्याला फसवून पाजण्यात अर्थ नव्हता. तिने बाटलीकडे पाहिलं, मग चुलीवरच्या सळोईकडे. बोकडाच्या रक्ताची सळोई, वर बोटभर चरबीचा तवंग. सकाळपासून बापाला कोणी घासही दिला नव्हता.

"काका, आपन त्याले रिकाम्या पोटी पाजून राह्यलो," ती म्हणाली.

"मंग तर मीबी नाई घेतली असती," काका म्हणाला. हे खोटं होतं, पण कोणी हरकत घेतली नाही.

फुफीने फुंकून फुंकून गोवऱ्या लाल केल्या. जमनीने पळीभर सळोई चरबीसकट घेतली आणि विस्तवाजवळ वाकली.

"हेडमास्तर नाई आले आज, बा," ती हळूच म्हणाली. "तू घे."

चरबी पडली आणि हातभर भडका उडाला. काकाच्या मिशीचं एक टोक गेलं. त्या ज्वाळेच्या कडेला तिने लाल दारूचे चार थेंब शिंपडले. भडका तसाच राहिला.

मग सगळ्यांनी घेतली. नुसती घेतली तर चिंचेसारखी आंबट, जिभेला कात लावल्यासारखी. सळोईच्या घासावर घेतली की तीच दारू मऊ होऊन गळ्याखाली उतरत होती. पाद्री खोटं बोलला नव्हता. दुसऱ्या घासाला जमनीच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा फुफीने मिरच्या जास्त पडल्या असं स्वतःहून सांगून टाकलं.

बाटलीत दोन बोटं उरली, तेव्हा भावाचं पोट अजून भरलेलं दिसत नाही म्हणत काकाने पुन्हा पळी उचलली. या वेळी मिशी मुठीत धरून.