कावीळ गिळणारं मडकं

खालापूरच्या अलीकडच्या वाडीत त्या शनिवारी टेंपो लावायला जागा नव्हती. एक बाबा मडक्याने कावीळ काढत होता म्हणे! रुग्णाच्या हातांना लेप चोळायचा, परातीत हात धुवायला लावायचे, पाणी पिवळंधमक. ते काळ्या भस्माच्या मडक्यात ओतून खळखळ हलवायचं, फडक्यातून गाळायचं, की खाली नितळ पाणी.

"गिळली! मडक्यानं कावीळ गिळली! आता तीन शनवार गोळी-सुई बंद, नायतर उतारा उलटंल!" बाबा प्रत्येकाला बजावत होता.

कर्जतच्या शाळेत विज्ञान शिकवणारी सोनाली मात्र भावाकडे, नवीनकडे, पाहत होती. त्याचे डोळे पिवळेजर्द, पोटात दोन दिवस पाणी ठरत नव्हतं, आणि आई मोतीबाई त्याला दवाखान्यात नेऊ देत नव्हती. सोनालीला आईचा रागही आला आणि कीवही.

ती पुढे झाली. "बाबा, माझी काढा."

"तुला कुटं हाय गं कावीळ?" मोतीबाई ओरडली.

सोनालीने लेप चोळून हात धुतले. पाणी पिवळंधमक! गर्दीत खसखस पिकली.

"लपलेली व्हती अंगात," म्हणत बाबाने नवं मडकं ओढलं.

"नवं कशाला? मघाचंच गिळू दे की!" शेजारचा टेंपोवाला लडकू म्हणाला, आणि सगळ्यांनी तोच हेका धरला.

पाणी नितळ निघालं. मग लडकूने लेप चोळून हात धुतले, मग गर्दीतल्या धोंडूबाईने, मग आणखी दोघांनी. सगळे ठणठणीत, सगळ्यांचं पाणी पिवळं! चौथ्या खेपेला गाळलेलं पाणीही फिकट पिवळं आलं, पाचव्याला जर्द.

"शनवारी कोन अंडं खाऊन आलंय इथं? मडकं बाटवलं!" बाबा खेकसला.

"अंडं नाही, कोळसा भरला," सोनाली म्हणाली. "हे भस्म म्हणजे कोळशाची पूड. कणाकणाला बारीक भोकं असतात. रंग आतल्या अंगाला चिकटतो, पंगतीत माणसं बसावीत तसा. पूड जितकी बारीक आणि जास्त, तितकी जागा जास्त. पंगत भरली की उरलेला रंग उभाच. आणि तो रंग जिलबीचा, लेपात कालवलेला. आई, नवीनचा आजार त्याच्या यकृतात आहे गं. तो मडक्यात आलाच कधी?"

मोतीबाईने नवीनला हात धरून उठवलं. मग म्हणाली, "लडकू, टेंपो काढ रं. कर्जतला चल."

सलाइन लावताना डॉक्टर म्हणाले, तीन शनिवार थांबला असतात, तर पोरगा हाती लागला नसता.

चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी विचारा: हे धडधाकट माणसावरही होतं का? पुन्हा पुन्हा होतं का? आणि उत्तर मिळेपर्यंत आजारी माणसाला तिथे बसवून ठेवू नका.