मोर्शीले काहून येत नाही?

मनकर्णाबाईंचा उजवा खांदा आखडला होता. जन्मभर संत्र्याच्या बागेत राबलेल्या बाईचा हातच वर जाईना. उपचारासाठी त्या मोर्शीहून एसटीनं अमरावतीला येत. पौर्णिमाचा फिजिओथेरपीचा दवाखाना होता त्या एकाच रस्त्यावर तसले आणखी पाच दवाखाने होते.

"मॅडम, तुमी खांदा मोकळा करता, अन् घरी जाताना गचके खाऊन तो वापस आखडते," एक दिवस त्या म्हणाल्या. "इथं तुमी सारे मांडीले मांडी लावून बसून राहिले. आमच्या मोर्शीले काहून येत नाही?"

पौर्णिमा हसली. संध्याकाळी तिनं पेशंटचे पत्ते चाळले, तर नऊ जण मोर्शीकडचेच निघाले.

दोन महिन्यांनी तिनं मोर्शीत एक खोली घेतली. कोणी येईल की नाही, या धास्तीनं पहिल्या दिवशी ती लवकरच पोचली. पाहते तर अंगणात दहा-बारा बाया ओळीनं उभ्या, आणि समोर मनकर्णाबाई त्यांना व्यायाम शिकवताहेत.

"कोपर वाकवू नका! अन् मोठ्यानं मोजा!"

"मावशी, मग मी काय करू?" पौर्णिमानं विचारलं.

"तुमी बसा. चहा येऊन राहिला," म्हणत मनकर्णाबाईंनी दोन्ही हात सरळ डोक्यावर नेले.

बायांनी टाळ्या वाजवल्या. पौर्णिमा पर्स पायरीवर ठेवून त्यांच्याच ओळीत जाऊन उभी राहिली.