स्टॅम्पर विरुद्ध स्टॅम्पर

“पुन्हा एकदा बघ ना गं पोरी,” नेल्डा काउंटीच्या कचेरीत खिडकीच्या काचेजवळ तोंड नेत म्हणाली. “स्टॅम्पर. डेल्मर रे स्टॅम्पर. एक्याऐंशी साल असेल, नाहीतर ब्याऐंशी.”

“मिस नेल्डा, तीनदा बघितलं. शपथ.” इकडे लग्न झालेल्या वडीलधाऱ्या बाईलाही मानाने ‘मिस’च म्हणत. काचेपलीकडच्या मुलीने संगणकाचा पडदाच तिच्याकडे वळवला. “या काउंटीत डेल्मरच्या नावावर घटस्फोट नाहीच.”

“असं कसं? त्याचं नि पहिल्या बायकोचं लग्न इथंच झालेलं.”

“लग्न कुठं का होईना. घटस्फोटाचे कागद जिथं दावा लावला तिथंच राहतात.”

जमिनीच्या नोंदीसाठी रांगेत उभा असलेला एक म्हातारा मागून खाकरला. “बाई, त्या काळी आपल्या गावात कोण दावा लावायचं? गुरुवारच्या पेपरात नावं छापून यायची. डुकरांच्या बाजारभावाशेजारी! अब्रूची चाड असलेला माणूस गुपचूप शेजारच्या काउंटीत, शेल्टनला जायचा. मीही तिथंच गेलेलो.”

रांगेत कुणीतरी हसले. नेल्डा हसली नाही. तिने म्हाताऱ्याचे आभार मानले, पर्स काखेत धरली आणि जवळजवळ पळतच गाडी गाठली.

नेल्डाचा नवरा डेल्मर रविवारी पहाटे गेला. काउंटीच्या रस्त्यांवर आयुष्यभर माती सपाट करणारा ग्रेडर चालवलेला माणूस, लांबलेल्या आजारानंतर झोपेतच शांतपणे गेला. अंत्यविधीची व्यवस्था पाहणारे मिस्टर एम्स त्याला घेऊन गेले, तेव्हा नेल्डाने त्याचा निळा कोट इस्त्री करून सोबत दिला होता. सोमवारी तिथे डेल्मरच्या पहिल्या बायकोचा मुलगा रॉडनी येऊन उभा राहिला. त्याचे म्हणणे सरळ होते: आईच्या हातात घटस्फोटाचा कागद कधी आलाच नाही, तेव्हा बायको तीच, आणि बाबांना आम्ही नदीपलीकडे आमच्या जागेत पुरणार.

“नेल्डा, मी तुला ओळखतो,” मिस्टर एम्स खाली बघत म्हणाले होते, “पण कायदा मला ओळखीवर चालू देत नाही. गुरुवारी दुपारपर्यंत घटस्फोटाच्या निकालाची, कोर्टाच्या शिक्क्याची नक्कल आणून दे. नाहीतर त्याला रॉडनीच्या ताब्यात द्यावं लागेल मला.”

आज बुधवार होता.

डेल्मरने आपल्या दफनाची जागा स्वतः निवडली होती, टेकडीवरच्या त्यांच्या लहानशा चर्चमागे. तो तिथे नसेल, नदीपलीकडे परक्या माणसांत असेल, या विचारानेच नेल्डाने गाडी आणखी जोरात दामटली. पण तिला त्याहून बोचत होती ती आणखी एक गोष्ट. अडतीस वर्षे रोज सकाळी, पहिला घास तोंडात घालण्याआधी, दोघे मिळून एक स्तोत्र वाचत. कधी डेल्मर, कधी ती. हा नेम एकही दिवस चुकला नव्हता, अगदी दवाखान्यातही नाही. आज सकाळी तिने पुस्तक उघडले आणि शब्दच फुटेना. तो घटस्फोट झालाच नसेल, तर इतकी वर्षे आपण दुसरीच्या नवऱ्याच्या शेजारी बसून हे वाचत होतो? देवापुढे आता कोणत्या तोंडाने बसायचे? ती उपाशीच घराबाहेर पडली होती.

शेल्टनच्या कोर्टात जुने कागद तळघरात होते. तिथली ट्रीना नावाची कारकून चष्मा केसांत खोचून बसली होती. नेल्डाचे ऐकून ती खुदकन हसली.

“अहो, त्या वर्षांत इथं जत्रा भरायची! आजूबाजूच्या सगळ्या काउंट्यांतले लोक नवराबायको सोडायला आमच्याकडे. माझी आई म्हणायची, समोरच्या खानावळीचं दुकान घटस्फोटांवर चालतं. बसा, मी आणते.”

ती आली तेव्हा तिच्या हातात पिवळी पडलेली फाइल होती. “स्टॅम्पर विरुद्ध स्टॅम्पर. सापडली बघा!”

“देवा, तुझे उपकार,” नेल्डा पुटपुटली. डोळ्यांत आलेले पाणी तिने हाताच्या पाठीने पुसले. “आता एक शिक्क्याची नक्कल दे बाळा. काय असेल ती फी सांग.”

ट्रीनाने पाने उलटली. शेवटापर्यंत गेली, पुन्हा पहिल्या पानापासून उलटली. मग तिने केसांतला चष्मा डोळ्यांवर घेतला, आणि नेल्डाला कळले की काहीतरी बिघडले आहे.

“दावा आहे. समन्स आहे. सुनावणीची तारीखही आहे. पण निकालाचा कागद नाही, मिस नेल्डा.”

“गळून पडला असेल कुठं.”

“नाही. नोंदवहीतही नाही. तेव्हा असं चालायचं की न्यायाधीश तोंडानं ‘मंजूर’ म्हणायचे. मग निकाल कागदावर उतरवून सहीला आणायचं काम वकिलाचं. या वकिलानं तो आणलाच नाही. विसरले असतील.”

“पण डेल्मरनं स्वतःच्या कानानं ऐकलं होतं! बाहेर येऊन तो त्या समोरच्या खानावळीत जेवला होता. मला सांगितलं होतं त्यानं.”

“खोटं कुठं म्हणते मी? पण जे नोंदवहीत नाही, ते कोर्टाच्या लेखी झालंच नाही.”

“मग त्या न्यायाधीशांना विचार.”

“ते वारून किती वर्षं झाली. वकीलही गेले.”

नेल्डा खुर्चीत बसली. “मग मी कोण?” ती म्हणाली. तिने हे ट्रीनाला विचारले नव्हते, पण ट्रीनाने मान फिरवली.

मग ट्रीना उठली आणि नेल्डाकडे पाठ करून लोखंडी कपाटासमोर उभी राहिली.

“मला लोकांना कायद्याचा सल्ला द्यायची परवानगी नाही, नोकरी जाईल,” ती म्हणाली. “म्हणून मी या कपाटाशी बोलते. हे बघ कपाटा, त्या दिवशी त्या खोलीत हजर असलेलं एखादं माणूस जिवंत असेल, आणि न्यायाधीश ‘मंजूर’ म्हणाले हे त्यानं आमच्या आताच्या न्यायाधीशांपुढं शपथेवर सांगितलं, तर ते जुनी तारीख घालून राहिलेल्या निकालावर सही करू शकतात. मागच्या वर्षी एकदा केली होती. उद्या सकाळी ते आहेत. मी वर चिठ्ठी ठेवते, ते एखाद्या वकिलाकडून अर्ज लिहून घेतील. आता कपाटा, तूच सांग, त्या खोलीत कोण होतं?”

न्यायाधीश, वकील, डेल्मर, साक्षीला आलेला डेल्मरचा भाऊ. नेल्डाने एकेकाला मनात मोजले. सगळे मातीखाली, नाहीतर मातीची वाट बघत होते. एक सोडून.

डेल्मरची पहिली बायको वनीटा नदीकाठच्या एका पत्र्याच्या घरात राहत होती. नाकात प्राणवायूची नळी, पायाशी चाकाची टाकी, समोर टीव्हीवर कसला तरी बक्षिसांचा खेळ.

“दार लाव, माश्या येतात,” ती म्हणाली आणि मग तिने नीट पाहिले. “अगं बाई! नेल्डा ना तू? शाळेत पोरांना जेवण वाढणारी. पार पिकलीस की. बघून बरं वाटलं.”

नेल्डा उभीच राहिली. टेबलावर, ओट्यावर, खिडकीच्या कट्ट्यावर चांदीच्या कागदाने झाकलेली ताटे होती. बटाट्याची, मक्याची, कोंबडीची. मयताच्या घरी शेजारी आणतात तशी.

तिने आडपडदा न ठेवता सगळे सांगितले. वनीटाने टीव्हीचा आवाज बंद केला, पण डोळे पडद्यावरच ठेवले.

“आठवतंय ना,” ती शेवटी म्हणाली. “न आठवायला काय झालं? ऑगस्ट महिना, पंखा बंद. न्यायाधीशाला सर्दी झालेली. ‘मंजूर’ म्हणाला नि नाक शिंकरलं. माझा अकरा वर्षांचा संसार त्या रुमालात गेला.”

“मग उद्या एवढंच सांगाल?”

“का सांगू?” वनीटा गर्रकन वळली. “या गावात मी इतकी वर्षं टाकलेली बाई म्हणून जगले. चर्चमध्ये मागच्या बाकावर. माझ्याशी बोलताना बायका आपापल्या नवऱ्यांचे हात धरायच्या, जशी काही मी उचलूनच नेणार होते. आणि आता बघ हे! रॉडनी सांगत सुटल्यापासून दार वाजायचं थांबत नाही. पास्टर स्वतः आला. टोपी काढून म्हणाला, ‘मिसेस स्टॅम्पर, तुमच्या दुःखात आम्ही सोबत आहोत.’ मी ‘नाही’ म्हणाले नाही. चूक असेल माझी. पण त्याला अडवलं नाही.”

नेल्डाच्या स्वतःच्या ओट्यावरही अशीच ताटे होती, न उघडलेली.

“मी तुमच्याकडे मागायला यायला नको होतं,” ती म्हणाली. “पण मला दुसरं दारच राहिलेलं नाही.”

“एक सांग. आजारपणात त्यानं माझं नाव काढलं कधी?”

एक शब्द पुरला असता. नेल्डाला तो जिभेवर जाणवला, अगदी गोड. तिने डोळे मिटले.

“नाही,” ती म्हणाली. “एकदाही नाही.”

वनीटा हसली. हसता हसता तिला ठसका लागला, इतका की नेल्डाने पुढे होऊन तिची पाठ चोळली.

“हो म्हणाली असतीस ना, तर हाकलून दिलं असतं,” श्वास परत आल्यावर ती म्हणाली. “हलकटानं नाव घेतलं नसणारच, मला काय तो माहीत नाही? किती वाजता जायचंय? आणि रॉडनीची काळजी करू नकोस. आईला विधवा करायला निघाला, आईला विचारलं तरी का त्यानं?”

निघताना नेल्डाने दारातून मागे पाहिले. वनीटाने खेळाचा आवाज पुन्हा सुरू केला होता, पण ती पडद्याकडे बघत नव्हती.

गुरुवारी सकाळी न्यायाधीशांनी वनीटाला उभे राहू दिले नाही, बसूनच उजवा हात वर करायला सांगितले. वनीटाने सर्दीसकट सगळे सांगितले. तरुण न्यायाधीश गालात हसले, मग गंभीर झाले.

“तुमच्या या साक्षीचा परिणाम काय होईल, ठाऊक आहे ना बाई?”

“ठाऊक आहे साहेब,” वनीटा म्हणाली. “मी कुणाची विधवा नाही, असं ठरेल.”

“त्या दिवसानंतर तुम्ही लग्न केलं?”

“नाही साहेब. नाव तेवढं ठेवलं. मुलाचं नि माझं एक असावं म्हणून.”

न्यायाधीशांनी सही केली. अनेक वर्षांपूर्वी पडायला हवा होता तो कागद टेबलावर पडला आणि ट्रीना तो घेऊन नकलेसाठी खाली गेली.

तळघराच्या बोळात एकच लाकडी बाक होता. दोघी त्यावर बसल्या, मध्ये प्राणवायूची टाकी. दुपार व्हायला अजून अवकाश होता. नेल्डाला वनीटाचा हात हातात घ्यावासा वाटला, पण तसे करायचा आपल्याला हक्क आहे की नाही हे तिला कळेना. तिने नुसतीच मनात प्रार्थना म्हटली आणि त्यात दुसरे नावही घातले. आत यंत्र घरघरले. कागदावर शिक्का दाबल्याचा जड आवाज आला.

काच सरकली.

“मिसेस स्टॅम्पर!” ट्रीनाने हाक मारली. “नक्कल तयार आहे.”

दोघीही उठल्या.

ट्रीना कागद धरून तशीच राहिली. नेल्डा थबकली. वनीटाने एक हात बाकाच्या पाठीवर ठेवला, नळीचा पीळ सोडवला आणि सावकाश खाली बसली. पर्स मांडीवर घेऊन तिने तिची कडी लावली, झगा गुडघ्यांवरून सारखा केला.

“जा की,” ती समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली. “तुलाच बोलावतायत.”