दुसरा राऊंड

सगळ्यात जास्त संताप आला तो माझ्याच मांड्यांचा. वर्षभर फुलंब्रीच्या रोडवर पहाटं पळून पळून त्यांना तयार केलं, आणि पोलीस भरतीच्या मैदानात ऐन वेळी त्यांनीच दगा दिला. त्यात वयाची ही शेवटची संधी. पुढच्या भरतीला मला कुणी मैदानात उभंसुद्धा करणार नाय.

आठशे मीटर म्हणजे मैदानाचे दोन राऊंड. माझी मैत्रीण तनुजा फिजिओथेरपी शिकते. तिनं बजावून बजावून माझं डोकं खाल्लं होतं, "पहिल्या राऊंडला जीव काढू नको. एकदम जोर लावला की स्नायूत फॉस्फेट साचतं, आतल्या आत कॅल्शियम सुटायचं कमी होतं. मग मेंदूनं कितीही हुकूम सोडले तरी स्नायू नीट आवळत नाही. तुझ्या जिद्दीला तो विचारतसुद्धा नाही." मला पटलं होतं. सरावात जमतही होतं.

शिट्टी वाजली. पोरी सुसाट सुटल्या, मी मुद्दाम मागं राहिले. पाय हलके, दम शाबूत, सगळं ठरवल्यासारखं. तेवढ्यात तारेच्या कुंपणापलीकडून बाबा ओरडले, "रत्ने! अगं मागं पडली की! पळ ना माय, पळ!" त्यांच्यासोबत आलेले गावातले लोकही ओरडायला लागले.

अरे, गप बसा की! मला दिसत नाय का? पण बाबांचा आवाज पार रडवेला झाला होता. मला ऐकवेना. सुटले. एकेकीला मागं टाकत पुढं आले, कुंपणाशी टाळ्या पडल्या.

दुसऱ्या राऊंडच्या वळणावर मांड्या भिजलेल्या पोत्यासारख्या जड झाल्या. मी जीव तोडून पळत होते आणि पोरी शेजारून आरामात निघून जात होत्या. थोडक्यात वेळ हुकली. संपलं.

सावलीला जाऊन बसले. जरा वेळानं बघते तर पाय मोकळे! मेले कुठले. परत पळ म्हटलं असतं तर पळाले असते.

बाबा आले, समोर बसले आणि माझ्या पोटऱ्या चोळायला लागले. "चूक माझी हाय," ते म्हणाले.

मला वाटलं, ओरडल्याचंच म्हणतायत.

"म्हैस इकायला नको होती. तुला दूध कमी पडलं."

बाबा, दूध नाय हो, तुमचं ओरडणं! अगदी ओठावर आलं होतं. ते मान खाली घालून पोटऱ्या चोळतच होते.

"लई दुखतंय का माय?"

"व्हय," मी म्हणाले, आणि पाय तसेच त्यांच्या हातात राहू दिले.